बाळ उठेल म्हणून जातं बंद

आशा ताईंनो, एक विचारायचंय, म्हणून आपल्या ग्रुपवर लिहितेय.

मी सायवनकडच्या पाड्यांवर आशा कार्यकर्ती आहे. तिथल्या रंजनाला सहावा महिना संपत आलाय. मागच्या भेटीत सांगितलं होतं, आता लाथा जास्त जाणवतील, पाय सुजले तर कळव. लाथा जरा थांबल्या की ती घाबरायची, म्हणून म्हटलं, "अगं, बाळ पोटात झोपतंही."

आज गेले तर घरात चिडीचूप. सासूची नाचणी जात्यापाशी तशीच पडलेली. रंजना हळूच म्हणाली, "ताई, परवापासून झोपलाय. जातं फिरवू देत नाही मी, उठेल तो."

तिला तशीच उपकेंद्रात नेलं. नर्सबाईंनी खूप वेळ बाळाचे ठोके शोधले. मग डहाणूला सोनोग्राफीची चिठ्ठी लिहिली. जीपमध्ये प्रत्येक खड्ड्याला रंजना ड्रायव्हरला म्हणत होती, "दादा, हळू."

हालचाल कमी झाली तर त्याच दिवशी ये, हे एक वाक्य माझ्याकडून राहिलं.

डॉक्टरांनी बाळ गेल्याचं सांगितलं तेव्हाही ती कुजबुजतच बोलली, "पण ताई, तुम्हीच बोललेल्या ना, झोपतो म्हणून?"

यावर काय बोलायचं असतं, तुमच्यापैकी कुणाला माहीत आहे का?