लेकीचे रोबो तपासताना

लेकीचा बंगळुरूहून फोन आला. "आई, माझे रोबो जरा तपासून ठेव. चांगले असतील तेवढे कुरिअर कर, मोडके कुणाला तरी देऊन टाक नाहीतर तुझ्याकडे ठेव. इथल्या घरात मी त्यांच्यासाठी कपाट करून घेतलंय."

नोकरी लागून ती तिकडे गेली तेव्हापासून मी धरून चालले होते, की थोडी वर्षं काढेल आणि नगरला परत येईल. रोबो घरात होते तोवर तसं धरता येत होतं.

मी एमआयडीसीत प्लास्टिकचे सुटे भाग तपासते. भाग हातात आला की आधी कडेवरून नख फिरवायचं. साच्याच्या जोडाची रेघ नखाला अडली, तर तो बाजूला. लेकीचा पहिला रोबो, मुडपला की गाडी होणारं खेळणं, घेतला तेव्हा दुकानातच मी नख फिरवलं होतं. पुढे तिलाही ती खोड लागली. रविवारी दुपारी आम्ही दोघी गाडीचा माणूस आणि माणसाची गाडी करत बसायचो. मी सांधे बघायचे, ती रचना. "आई, याचं छप्पर बघ, पाठीवर दप्तर लटकवल्यासारखं. डिझाइन करणाऱ्याला ते ठेवायला जागाच सापडली नाही." शाळकरी पोर, पण बोलणं बरोबर होतं. चांगल्या रोबोत गाडीचा एकही तुकडा फुकट लोंबत नाही. दारांचे हात होतात, बॉनेटची छाती.

फोननंतरच्या रविवारी सतरंजीवर सगळे मांडले. जितके नापास होतील तितके इथे राहतील, एवढा हिशोब मला कळत होता.

"कंपनीत तरी इतक्या बारकाईनं बघतेस का?" ह्यांनी विचारलं.

"तुमचा चहा गार होतोय."

पण हाताला खोटं बोलता येत नाही. लाल ट्रकचा खांदा कटकट करत फिरला आणि सोडला तिथे थांबला. पास. निळ्या विमानाचा गुडघा ढिला होता, पण सांध्याच्या गोळीवर नेलपॉलिशचा एक हात देऊन वाळवलं की तो घट्ट बसतो. तोही पास. एकाच्या कमरेत पिनेभोवती प्लास्टिक ताणून पांढरं पडलेलं दिसलं. ते कधीतरी तडकणार. नापास. मला बरं वाटलं.

मग पांढरा रोबो हातात आला. दसऱ्याला आमच्या कंपनीत मशिनींना हळदकुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात, त्या दिवशी पोरांनाही आणतात. शाळेत असताना एका वर्षी लेकीने तो मोल्डिंग मशिनीजवळ उभा केला होता. "हे पण मशीनच आहे ना?" पूजा करणाऱ्या काकांनी हसून त्याच्या छातीवर ओल्या हळदीचं बोट टेकवलं. प्लास्टिकने रंग पिऊन घेतला. साबणाने गेला नाही, स्पिरिटनेही नाही. डाग होता. मी तो नापासांत ठेवला.

संध्याकाळी तिने व्हिडिओ कॉल केला.

"पांढरा कुठंय?"

"नापास. डाग आहे."

"सांधे?"

"सांधे एक नंबर."

"मग?"

"डाग म्हणजे रिजेक्ट. कंपनीत तसंच असतं."

"गिऱ्हाईक चालवून घेत असेल तर?"

"तर माल जातो," मला म्हणावं लागलं.

"मग गिऱ्हाईक मी आहे. पाठव." स्क्रीनजवळ येत तिने विचारलं, "का गं, तुला ठेवायचाय का?"

"मला काय करायचाय? धूळ कोण पुसणार?"

"बघ हं. मग नीट गुंडाळ, त्याचा डावा हात आधी आत घे."

"मला शिकव आता."

ती हसली आणि फोन ठेवला.

मी डावा हात आत घेतला, पाय मुडपले, गाडी केली, वर्तमानपत्रात गुंडाळली. मग कागद सोडला, परत माणूस केला, परत गाडी.

"अजून काय तपासतेस?" हे म्हणाले.

"सांधे," मी म्हणाले.