थांबलेला बाण

कार्तिक वद्य पंचमी, मंगळवार, दुपारी चार. घरी हजर : माझी भावजय वैशाली, भाची रमा, शेजारचे मिश्राजी. मी ऑफिसात होते. माझा धाकटा भाऊ मुकुंद दूध आणायला उतरला, गल्लीतल्या पायरीवर बसला आणि उठलाच नाही. मिश्राजींचा फोन आला, “दीदी, आप आ जाइए.” मी हातातलं पत्र पुरं केलं, कपाटाला कुलूप लावलं आणि निघाले. याला पाच आठवडे झाले. रडू अजून आलेलं नाही... यादीतली कामं मात्र होत गेली.

टीव्हीला जोडून खेळायच्या जुन्या गेमच्या डब्यांना माऊसही मिळत असे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. पोटात रबरी गोळी असलेला, जाड वायरीचा. मुकुंदाने कॉलेजात असताना दालमंडीच्या बाजारातून तसला एक जुना माऊस आणला. त्याला सपाट जागा हवी, म्हणून त्याने बाबांचा पूजेचा पाट घेतला. बाबा म्हणाले, “तो देवाचा आहे.” हा म्हणाला, “देवाचं काम सकाळी आटपतं, बाबा. दुपारी रिकामाच असतो.” चार दिवसांत पडद्यावरचा बाण अडखळू लागला. माऊस उघडला तर आतल्या रुळांवर वाळलेलं गंध. आईने पुढे केलेली कापसाची वात स्पिरिटात बुडवून त्याने ते पुसलं. पुढे गावोगावचे शौकीन कुरिअरने त्याच्याकडे माऊस दुरुस्तीला पाठवू लागले, तेव्हाही रूळ पुसायला वातच. वैशाली निरांजनाच्या वाती वळायची तेव्हा पाचसहा जास्तीच्या करायची.

स्वतःच्या डब्यात त्याची चित्रकलेची कॅसेट असे. रोज दुपारी तो माऊसने खिडकीतून दिसणारा नदीवरचा बालाजी घाट काढायचा. कॅसेटमधली बॅटरी संपलेली, त्यामुळे चित्र साठत नसे. डबा बंद केला की गेलं. दुसऱ्यांच्या बॅटऱ्या हाच बदलून द्यायचा. मी त्याच्या भिंतीवर कागद लावला होता : ‘स्वतःची बॅटरी बदलणे.’ दर महिन्याला विचारायचे.

“ताई, घाट कुठे जातोय? उद्या परत काढतो की.”

“आणि आजची मेहनत?”

“तू ऑफिसात रोज जातेस, ते काय साठवून ठेवतेस?”

यावर मी रागावले होते. आमचं शेवटचं धड बोलणं तेच.

त्या मंगळवारी तो चित्र अर्ध्यात सोडून उठला. पायऱ्या झाल्या आहेत, नावेची एकच बाजू झाली आहे आणि बाण त्या रेषेच्या टोकाशी उभा आहे. रमाने पहिल्याच दिवशी सांगितलं, “आत्या, टीव्ही बंद केला तर चालेल. बस, डिब्बा मत छूना.” तेव्हापासून डब्याचा लाल दिवा चालू आहे. वीज जाते, म्हणून डबा इन्व्हर्टरवर घेतला आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी भरण्याचा वार ठरवला. चित्राचे फोटो काढून झाले, दोन ठिकाणी ठेवले. म्हणजे डबा बंद करायला हरकत नाही. हे मीच सगळ्यांना समजावून सांगितलं आहे.

काल टीव्ही लावून त्याच्या खुर्चीवर बसले. पाटावर माऊस तिरका पडला आहे, त्याने हात काढला तसाच. जरा धक्का लागला तरी बाण हलेल. कागद-दाखले झाले, बँक झाली, कपडे दिले, लोकांचे माऊस त्यांचे त्यांना परत गेले. यादीत आता एकच ओळ आहे : पाट पुसून देवघरात ठेवणे.

त्यासाठी आधी माऊस उचलावा लागेल.