नित्याने आखलेले डोळे

आज मी नित्याच्या आईला फसवलं. माझी रोजची मस्करी नव्हती ती.

नित्या माझा दोस्त. आमच्या पेणच्या कारखान्यात गणपतीचे डोळे तोच आखायचा. सीझनला डोळे आखून सगळ्यांचंच डोकं दुखतं, म्हणून त्याचं दुखायला लागलं तेव्हा आम्ही नुसत्या गोळ्या देत राहिलो. ताप आला, उलट्या झाल्या, तरी मी म्हणायचो, "नाटकं करतोय." शेवटी बेशुद्ध पडला. डॉक्टर म्हणाले, टीबी मेंदूच्या आवरणापर्यंत गेलाय. जीव वाचला, पण नजर गेल्यातच जमा.

आज तो पहिल्यांदा कारखान्यात आला आणि ब्रश मागितला. मी एक मूर्ती पुढ्यात ठेवली. हात जराही थरथरला नाय, पण एक डोळा पार गालावर उतरला.

तेवढ्यात त्याला न्यायला त्याची आई, आमची मावशी, आली. मी पटकन ती मूर्ती मागं सरकवली आणि दुसऱ्या पोराने आखलेली पुढं केली.

"बघ गो मावशी, तुझ्या नित्याने आखलाय."

"म्हणजे माझ्या पोराला दिसतंय व्हय रे?"

"दिसतंय की."

किती दिवसांनी हसली ती. हसतहसतच शेठना सांगायला आत गेली.

नित्या हळूच म्हणाला, "माझी कुठं ठेवलीस?"

मी मागं सरकवलेली मूर्ती परत त्याच्या पुढ्यात ठेवली.

"पुसून टाक. आईला सांगू नको."

मी फडकं ओलं केलं आणि तो डोळा पुसला. तुम्ही दुसरं काय केलं असतं?

पेणमधले बरेच जण हायत ह्या ग्रुपवर. हात जोडतो, मावशीला कोणी काय बोलू नका.