तात्यांचा डावा हात आणि दोन सबवूफर

“बाय गो, ह्यो पखवाज नाय, पिंप वाजता पिंप! मंगळवारी बरो होतो. आता काय झाला ता बघूक ये.”

शनिवारी दुपारी दीड वाजता मिठबावहून तात्यांचा फोन आला. तात्या म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षक, चाळीस-एक हापूसच्या कलमांचे मालक आणि तरुणपणी डबलबारी भजनातले, म्हणजे दोन पार्ट्यांच्या भजनी सामन्यांतले, नावाजलेले पखवाजवादक. मी मालवणात घरगुती ऑडिओ सिस्टिम बसवून देते. मंगळवारीच त्यांचं काम पूर्ण करून, वहीतल्या अकराही मुद्द्यांवर टिक करून मी आले होते.

“तात्या, काही हलवलंत का?”

“काय एक नाय. तू ठेवलंस थयच आसा सगळा. आणि आबा चार वाजता येतलो!”

आबांचं नाव ऐकलं आणि मी गाडीची किल्ली शोधायला लागले.

आबा म्हणजे समोरच्या पार्टीचे पखवाजवादक, तात्यांचे दोस्त आणि जन्माचे प्रतिस्पर्धी. एका गाजलेल्या बारीबद्दल आबा गेली तीस वर्षं चारचौघांत एकच वाक्य बोलत आले होते: “त्या बारीत तात्याचो डावो हात जेवूक गेल्लो!” पखवाजाची डावी बाजू म्हणजे कणीक लावलेली, घुमणारी बाजू. त्या बारीची कॅसेट तात्यांकडे होती, पण घरातल्या टेपरेकॉर्डरवर डावी बाजू ऐकूच यायची नाही. आबांना आयतं कोलीत. आता तात्यांच्या मुलाने कॅसेट पेनड्राइव्हवर करून दिली होती आणि दोन स्पीकर, ॲम्प्लिफायर, दोन सबवूफर असा सेट पाठवला होता. आबा रविवारी सकाळी मुलाकडे पुण्याला निघणार होते, कायमचे. त्यामुळे शनिवारची दुपार चुकली की तात्यांची संधी गेली.

पावणेतीनला पोचले. माजघरात पाऊल टाकलं आणि कारण समोर दिसलं. म्हणजे दिसलं नाही, तेच कारण होतं.

मंगळवारी त्या खोलीच्या मागच्या अर्ध्या भागात आंब्याची आढी घातलेली होती. गुडघाभर पेंढा, त्यात आंबे, भिंतीला लागून छातीपर्यंत रचलेल्या पेट्या. मी माझ्या वहीत लिहिलं होतं, “खोली भरलेली. ठीक.” आता आंबे गेले होते, पेट्या गेल्या होत्या, त्याच गाडीतून पेंढाही गेला होता. उरली होती सतरा फूट लांब, चिऱ्याच्या भिंतींची, शेणाऐवजी फरशी घातलेली जवळजवळ रिकामी खोली.

“आंबे हलवलेत की!”

“आंबे काय सिस्टिमीत येतत?” तात्या म्हणाले.

येतात. सबवूफर हा फक्त खालचे, घुमणारे सूर वाजवणारा स्पीकर. आम्ही एक हद्द ठरवतो. तात्यांकडे ती ऐंशी हर्ट्झ होती, म्हणजे सेकंदाला ऐंशी कंपनं. त्याच्या वरचं काम स्पीकरचं, खालचं सबचं. या हद्दीला क्रॉसओव्हर म्हणतात. पण खालच्या सुरांच्या लाटा लांबलचक असतात. त्या भिंतीवर आपटून परत येतात आणि खोलीत काही ठिकाणी फुगतात. पेंढ्याचा जाड थर आणि पेट्या त्यातला काही भाग गिळत होत्या. शिवाय आढीमुळे जागा नव्हती म्हणून मी दोन्ही सब पुढच्या कोपऱ्यांत ठेवले होते. कोपऱ्यातून खोली सगळ्यात जास्त घुमते. चूक माझी होती. कोकणात राहून एप्रिल-मेमध्ये खोलीत आंबे आहेत हे मी फर्निचरसारखं धरलं होतं.

माइक तात्यांच्या खुर्चीवर ठेवला, लॅपटॉप उघडला. आलेखात पासष्ट हर्ट्झच्या आसपास सरळ डोंगर उभा. तात्यांचा प्रत्येक ठोका त्या डोंगरावर चढून पुढच्या ठोक्यावर कोसळत होता.

तीन वाजून पाच मिनिटं. मोजायची टेप काढली. सतरा फुटांचा पाव भाग सव्वाचार फूट. त्या दोन जागांवर, म्हणजे समोरच्या आणि मागच्या भिंतीपासून सव्वाचार फुटांवर, ही घुमणारी लाट शांत असते. तिथे सब ठेवला तर तिला बळच मिळत नाही. पुढची जागा मोकळी होती. मागच्या जागेवर, आंबे उठताच, तात्यांच्या बायकोची, म्हणजे काकींची, शिवणाची मशीन येऊन बसली होती.

“माझी मशीन मगे खंय?” काकी म्हणाल्या.

“काकी, आजचा दिवस पडवीत.”

“तेच्या डाव्या हातासाठी माझी मशीन पडवीत!” असं म्हणत त्यांनी स्वतःच दुसरी बाजू उचलली.

मागचा सब खुर्चीच्या जवळ आला, त्यामुळे त्याचा आवाज आधी पोचणार. ॲम्प्लिफायरमधल्या प्रोसेसरमध्ये त्याला काही मिलिसेकंद थांबवलं. मग फेज. स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा सबचाही पुढे यायला हवा, नाहीतर दोघं एकमेकांचा आवाज खोडतात. एक सलग सूर लावला आणि सबवरचं बटण पुढे-मागे केलं. तात्या डोळे मिटून बसले होते.

“इलो... गेलो... इलो! थयच ठेव!”

आलेख बघायची गरज नव्हती, तरी बघितला. डोंगर सपाट झाला होता. पेनड्राइव्हवरची बारी लावली. ‘धा’ पडला तो छातीवर, गोल, मोकळा, आणि पुढच्या ठोक्याला जागा देऊन थांबला. काकी दारातच उभ्या राहिल्या. माझ्या अंगावर काटा आला. अठरा वर्षं हे काम करतेय, तरी येतो.

चार वाजता आबा आले. चहा घेतला नाही. “आधी तुझो पुरावो दाखव,” म्हणाले आणि खुर्चीत बसले.

भजनाचा गजर सुरू झाला. आबांची बोटं गुडघ्यावर चालायला लागली. दोन मिनिटांनी थांबली.

“आसा रे,” आबा हळूच म्हणाले. “डावो आसा. बरो आसा. तीस वर्सां मी लोकांका खोटा सांगलंय.”

तात्या नुसते माझ्याकडे बघून हसले. मला वाटलं, काम झालं.

“थांब!” आबा ओरडले. “मागे घे. हय... हयच. उजवो समेर इलो आणि डावो मागसून! बाय, ह्या तुझ्या मशीनीचा की तात्याचा?”

मिलिसेकंद मीच टाकले होते. पुन्हा ऐकलं. आधीचे ठोके जागेवर, नंतरचे जागेवर, फक्त तो एक मागे. सेटिंग चुकलं असतं तर सगळेच ठोके चुकले असते, आणि माझे मिलिसेकंद कानाला मोजताही आले नसते. तात्या माझ्याकडेच बघत होते. “मशीनचा” म्हटलं असतं तर कोणाचंच काही बिघडलं नसतं, माझ्या नावाशिवाय. मी तोंड उघडलं.

“माझोच,” तात्या म्हणाले. “तेच येळार कळलेला माका. कोणाक ऐकूक गेला नाय, म्हणान गप रवलंय.”

“तीस वर्सां?”

“तू डावो जेवूक गेलो म्हणी होतंस. मी कशाक सांगू, तो गेल्लो नाय, जरा उशिरा इलो?”

आबा इतके हसले की काकींना पाणी आणावं लागलं. मग दोघांनी मिळून तो एकच ठोका मला सात वेळा लावायला सांगितला. निघताना आबा म्हणाले की पुण्यात पोचल्यावर तिकडच्या सगळ्यांना ते सांगणार, तात्याचो डावो पहिल्या नंबराचो, एक ठोको सोडून.

तेव्हापासून कोणी जुनं रेकॉर्डिंग घेऊन आलं की मी आधी विचारते, “यात तुम्ही स्वतः वाजवलंय का?” उत्तर ‘हो’ आलं तर माझा सल्ला ठरलेला आहे. सब लावल्यावर पहिल्यांदा एकट्याने ऐका. पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी बोलवा.