दिवेलागणीचा गिलावा

सापगावच्या पलीकडे, उतारावरच्या पाड्यात जनाचं घर. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा गिलावा आणि मागं परस. परसात शेवग्याचं एकच झाड. भात झोडून झालं, की जना एक पेंडी न झोडता ठेवायची आणि शेवग्याला बांधायची, चिमण्यांसाठी.

सून दिपिका चिडवायची, "आये, पाव्हन्यांचा वाटा काढला का?"

"पाव्हनं कशाचं? घरचीच हायेत ती. तू आलीस त्याच्या आदीपासून राहतात."

खरंच राहायच्या. मागच्या भिंतीत वळचणीखाली बाहेरचा गिलावा पडून कारवीत पोकळी झाली होती. सांज झाली, की चिमण्या भांडत, एकमेकींना ढकलत तिच्यात शिरायच्या. त्यांचा कालवा निवेपर्यंत जना परसात बसून राहायची.

या पौषात थंडी अशी पडली, की पाड्यातल्या म्हाताऱ्यांनाही तसली दुसरी आठवेना. माहुलीच्या डोंगरावरून उतरलेलं वारं थेट अंथरुणात शिरायचं. हंड्यात हात घातला, की बोटं भाजल्यागत व्हायची. आणि घरात दिपिकाची लेक, अजून महिन्याचीही नव्हती. एका सांजेला तिचे ओठ निळसर दिसले. जनाने पाळण्यावर हात धरून पाहिला. वारं त्या पोकळीतूनच येत होतं.

दिवे लागले, की भिंतीला माती लावायची नाही, हा जनाच्या सासूचा दंडक. का, ते सासूने सांगितलं नव्हतं आणि जनाने विचारलं नव्हतं. पण उभ्या जन्मात तो मोडलाही नव्हता. त्या सांजेला मोडला. तिने माती कालवली, शिडी लावली, भोकात पेंढ्याचा बोळा कोंबला आणि वरून गिलावा दिला. वारं असं घोंगावत होतं, की दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. डोळ्यांपुढं फक्त नातीचे ओठ होते. बाळ निवांत झोपलं. आपल्या हातच्या कामावर खूश होऊन जनाही झोपली.

सकाळी ती परसात शेकोटीशी बसली. उन्हं शेवग्यावर आली. एक होला घुमला. पेंडीला कुणी चोच लावली नव्हती.

"आज लय उशीर केला यांनी," ती स्वतःशी म्हणाली आणि हात शेकायला पुढं केले. नखांत कालची माती होती.

जना त्या नखांकडे बघत राहिली. मग तिने सावकाश मान वळवली आणि भिंतीकडे पाहिलं.

"दिपे!" तो आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

दिपिका बाळाला घेऊन धावत आली. "काय झाला, आये?"

"मी गाडला गो त्यांना."

"कोनाला?"

जनाने फक्त बोट दाखवलं. दुसऱ्या हाताने तिने कोयता उचलला होता, पण पाय उठत नव्हता. भिंत फोडली, की तेच वारं पुन्हा नातीवर. सुनेला विचारायचं तरी कुठल्या तोंडाने?

दिपिकाने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा बाळाकडे. "बघता काय? फोडा ना! पाळना मी चुलीकडं घेते."

जना शिडीवर चढली. कोयत्याच्या घावासरशी गिलाव्याची खपली खाली पडली. पेंढा निघाला. आत कसलीच हालचाल नाही. जनाने हात घातला. हाताला पहिली लागली ती गार, मान लोंबती. दुसरीही तशीच. तिने पुन्हा हात घातला. तेवढ्यात आतून काहीतरी तिच्या बोटाला टोचलं, आणि फर्र करून एक चिमणी तिच्या तोंडावरून गेली. मागून दुसरी, मग सगळा थवाच.

दोन मेलेल्या चिमण्या पदरात घेऊन जना तिथंच बसली. दुपारी तिने त्या शेवग्याखाली पुरल्या. भोक उघडंच ठेवलं आणि आतून भिंतीला स्वतःची गोधडी ठोकली.

सांजेला चिमण्या शेवग्यावर येऊन बसल्या, पिसं फुलवून, गप्प.

"येयाच्या नाय त्या," जना म्हणाली. "त्यांच्या जागी मी असते तर आले नसते."

तोच एक चिमणी भोकाच्या कडेवर उतरली. मान वाकडी करून तिने आत पाहिलं आणि शिरली. मागून बाकीच्या, भांडत, ढकलत.

जनाचा हात तोंडाशी गेला. "त्याच भोकात गो! इतका झाला तरी?"

"मंग जातील कुठं?" दिपिका म्हणाली. "घरचीच ना ती?"

घरात दिवा लागला होता. उरलेल्या मातीचं घमेलं शिडीशी तसंच वाळत पडलं होतं.