तुळशीपाशी राहिलेलं शूटिंग
तुळशीला पाणी घातलं, की ओल्या मातीच्या वासानं देवासच्या व्हिडिओ स्टुडिओतली ती दुपार आठवते. आई गेल्यावर बाबा आणि मी माझ्या लग्नाचं न कापलेलं शूटिंग बघायला गेलो होतो. घरच्या कॅसेटमध्ये मंगलाष्टकांच्या वेळी आई नव्हतीच. मुलीच्या आईनं अक्षता पडताना बघायचं नाही, तुळशीला पाणी घालायचं, ही आमच्याकडची रीत. "भिया, कैमरेवाला नया था, माताजी के पीछे चला गया. वो हिस्सा मैंने काट दिया था," स्टुडिओवाला बाबांना म्हणाला. पडद्यावर आई रिकामा झालेला तांब्या तसाच तिरका धरून उभी होती, आणि मांडवातून 'सावधान' ऐकू आलं की तिचेही ओठ हलत होते. बाबा हळूच म्हणाले, "इतना ही दे दो, भिया. बाकी तो देखा हुआ है." पुढच्या महिन्यात माझ्या मुलीचं लग्न आहे. तोच तांब्या मी घासून ठेवलाय.