तिचा तारा पेटलाय

लासूर स्टेशनहून आम्ही निघालो तेव्हा टेम्पोत दोन पेट्या, मायची शिलाई मशीन आणि पाण्याची रिकामी टाकी होती. अप्पा बैलबाजारात दलाल होते. त्या दुष्काळात जनावरं विकायला सगळा तालुका लोटला आणि घेणारा कुणी उरला नाही. दलालानं मग कुणाच्या मधे उभं राहायचं? टेम्पो हलला तसे अप्पा म्हणाले, "मागं बघू नका, मान दुखती." औरंगाबादजवळ वाळूजच्या बजाजनगरात एका खोलीत उतरलो. अप्पा एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन झाले. ज्यांच्या शब्दावर बैलजोडी खुंट्यावरून सुटायची, ते साहेबांच्या गाड्यांना सलाम करायला लागले.

मी तिथून आणखी लांब निघाले. मला कुणी काही दिलं नाही, मी घासाघीस करून घेतलं. औरंगाबादच्या कॉलेजात प्रयोगशाळेत बसायची परवानगी भांडून घेतली, शिष्यवृत्तीही भांडून घेतली. व्हिसाच्या खिडकीवर आवाज चढवला म्हणून एकदा बाहेर काढलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन उभी राहिले. आता युरोपातल्या एका शहरात राहते. इथं नळ कधीही सोडला तरी पाणी येतं. तरी नळाखाली बादली लावल्याशिवाय माझा हात पुढं होत नाही.

माझं काम जोड्यांचं आहे. एक साधा तारा आणि एक कृष्णविवर, एकमेकांभोवती फिरणारे. विवर ताऱ्याचा वायू ओढून घेतं, पण तो सरळ आत पडत नाही. भोवती फिरत त्याची तबकडी साठत जाते. वर्षानुवर्षं सगळं थंड असतं. मग एके दिवशी तबकडी तापते, वायू भराभर आत सरकतो आणि भडका उडतो. सुरुवातीला वर आणि खाली, दोन्ही बाजूंना, एक बारीक अखंड झोत वाहतो. भडका वाढत गेला की मधेच थोडा काळ असा येतो, की वायूचे गोळे जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं बाहेर भिरकावले जातात. त्यानंतर झोत बंद. क्ष-किरणांत तबकडी लखलखत असते आणि रेडिओ दुर्बिणीला काहीच ऐकू येत नाही. भडका विझत आला की झोत पुन्हा सुरू होतो. त्यात पीळ बसलेल्या चुंबकीय क्षेत्राचा हात असतो एवढं नक्की. पण जोर तबकडीचा की फिरणाऱ्या विवराचा, यावर आम्ही अजून भांडतो, आणि भांडणात मी पुढं असते.

हे सगळं मी अप्पांना फोनवर सांगितलं होतं. ते म्हणाले, "म्हंजी समदंच गिळत नाय व्हय ते?"

"नाही अप्पा. आत पडलं ते गेलं. पण काही काठावरूनच बाहेर फेकलं जातं."

"मग आपल्या शहरापरीस बरं हाय की." आणि खूप वेळ खोकत हसले. तेव्हा वाळूजच्या अलीकडं-पलीकडं शेतांचे प्लॉट पडत होते आणि आमच्या गल्लीत टँकर आला की बायका हंडे घेऊन धावत होत्या.

त्या वर्षी माझ्या जोडीनं भडका घेतला. असा भडका एखाद्या जोडीत माणसाच्या अख्ख्या आयुष्यात एकदाच दिसतो, हेही मीच घरी सांगितलेलं. जगातल्या सगळ्यांना दुर्बीण त्याच दिवसांत हवी होती. मी दुर्बिणीवरचा माझा पुढचा वेळ सोडून ते तीन आठवडे पदरात पाडून घेतले. अधूनमधून घरी फोन करायचे. धाकटा भाऊ दत्ता म्हणायचा, "अप्पा झोपलेत, आक्के." पडद्यावर दोन ठिपके एकमेकांपासून लांब सरकताना दिसत होते. भिरकावलेले गोळे होते ते. सगळे टाळ्या वाजवत होते.

झोत बंद पडला, माझी दुर्बीण मोकळी झाली, तेव्हा दत्तानं सांगितलं. अप्पा गेले होते. तेरावंही उरकलं होतं. मी ते ठिपके मोजत होते तेव्हा माझ्या बापाला स्मशानात नेलं होतं.

"अप्पाच म्हणले," दत्ता सांगत होता, "तिचा तारा पेटलाय, तिला हलवू नका. भरल्या बाजारातून उठायचं नसतं म्हणले."

अप्पांच्या बाजारात भाव रुमालाखाली ठरायचा. घेणारा आणि विकणारा, दोनच हात, बोटं दाबून आकडा सांगायचा. तिसऱ्यानं रुमालाला हात लावला तर मारामारी व्हायची. हे मला अप्पांनीच शिकवलेलं. मी दत्तावर ओरडले, "माझ्या वतीनं सौदा करणारे तुम्ही कोण?"

तोही पेटला. "आली असतीस का?"

"ते मला ठरवायचं होतं!"

त्यानं फोन ठेवला. त्यानंतर कैक वर्षं आमच्यात कामापुरतंच बोलणं राहिलं. शहराचं नाव बदललं, आमच्या खोलीवर दोन मजले चढले, आणि माय दर फोनला एकच वाक्य म्हणत राहिली, "सगळं बरं हाय, तू तुझं काम कर." ते वाक्य ऐकलं की माझ्या अंगाची आग व्हायची. मागं राहिलेल्यांना वाटतं, लांबच्याला त्रास कशाला. आम्हा गेलेल्यांना त्याचा अर्थ एवढाच कळतो, की आमच्याविना चाललंय.

परवा दत्ताचा फोन आला. मी मीटिंगमध्ये होते, कापला. पुन्हा आला. पुन्हा कापला. तिसऱ्यांदा उचलला तर म्हणाला, "किती बी काप, मी लावीतच राहणार. मायला एका डोळ्यानं दिसंना झालंय. दुसराबी जाईल म्हणतेत. तुला सांगू नको म्हणून शपथ घातली तिनं. मी मोडली."

"कधीपासून?"

"लई दिवस झाले. चूल फुंकताना हात भाजला तवा कळलं. आता ये, नायतर नको येऊस. ठरव तू."

मी त्याला शिवी दिली. त्यानंही परत दिली. पण फोन दोघांनीही ठेवला नाही. पलीकडून माय विचारत होती, "कोण हाय रं?"

माझं घर आता त्या खोलीत नाही, लासूरलाही नाही. ज्याला माझं काम मोडायला लाज वाटत नाही, तो माझं घर. तिकीट काढलंय. माय मला ओळखेल ती बहुधा आवाजावरूनच.